जिताड्याचं डोकं

आमच्या खारेपाटात, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, जिताडा माशाचं डोकं कुणाच्या ताटात पडलं, यावरून त्या घरात कुणाला किती मान आहे ते कळतं. जावई आला तर जावयाला, साहेब आला तर साहेबाला. पण माहेरवाशीण पोटुशी असेल, तर जावई आणि साहेब दोघंही मागे. मग डोकं तिचं. त्यात कुणी वाद घालत नाही.

मला ते डोकं लहानपणापासून आवडायचं. गालाचा मऊ तुकडा, डोळ्यामागची चरबी, टाळूची हाडं एकेक सोडवून चोखायची. मी इतकं कोरून खायचे की बाबा पाहुण्यांना सांगायचे, "आमची बाय मांजरीला काय ठेवत नाय." आता नुसता वास आला तरी घशाशी येतं. कुणाच्या तरी बोटांवरून रस्सा मनगटाकडे ओघळताना दिसला, हाड चोखल्याचा आवाज आला, की मी उठून बाहेर जाते. लोकांना वाटतं, शिकली म्हणून नखरे करते. शिकले म्हणूनच हे झालं, एवढं मात्र खरं आहे.

आमचं गाव पेणच्या पुढे खाडीकडचं. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं आणि भात पिकेना, तेव्हा बाबांनी तिथेच तळं केलं. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिल्लं आणायची, तळ्यात सोडायची आणि दोन-अडीच वर्षं वाढवायची. भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करायला बांधात लाकडी दार असतं. त्याला आम्ही उघाडी म्हणतो. बाबा शाळेत फार गेले नाहीत, पण पाण्याकडे बघून उघाडी कधी उचलायची ते अचूक सांगतात.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. घरातलीच कशाला, आमच्या आळीतली पहिली. पेणच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि रोह्याला औषधांच्या एका कंपनीत तपासणीच्या प्रयोगशाळेत लागले. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. माझं पदवीचं सर्टिफिकेट बाबांनी देव्हाऱ्याच्या शेजारी लावलंय. आई रोज देवांना फूल वाहते तेव्हा एक पाकळी त्याच्याही चौकटीत खोचते.

त्या पाकळीची मला आता लाज वाटते. ती का वाटते, ते सांगते.

नोकरीला लागून वर्ष झालं असेल. बाबांचा फोन आला. "बाय, माशांना फोड आलेत गो. शेपट्या झडायला लागल्यात. तू दवाईच्या कंपनीत हायस. काय द्यायचं सांग."

मी माशांबद्दल एक अक्षर शिकले नव्हते. आमच्या कंपनीत माशांची औषधं बनतही नाहीत. पण बाबा मला विचारत होते. ज्यांनी मला आयुष्यभर सगळं सांगितलं, ते मला विचारत होते. "मला माहीत नाही" हे तीन शब्द मला बोलता आले नाहीत. "उद्या लिहून आणते," असं म्हटलं आणि रात्रभर मोबाइलवर वाचलं. टेट्रासायक्लिनच्या घराण्यातली एक पिवळी पावडर. एक किलो खाद्याला किती, कशात कालवायची, किती दिवस द्यायची. दुसऱ्या दिवशी वहीचं पान फाडून सुवाच्य अक्षरात, आकडे घालून, लिहून दिलं. खाली सही केली आणि सहीपुढे बी.एस्सी. लिहिलं.

मी जिथे जिथे वाचलं, तिथे शेवटी एक ओळ होती. औषध बंद केल्यावर अमुक काळ मासे काढू नयेत, खाऊ नयेत. ती ओळ मी वाचली होती. पान लहान होतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. पान काही लहान नव्हतं. बाबांनी मासे वाचवायचं विचारलं होतं, मासे खायचं नाही. जेवढं विचारलं तेवढ्याचं उत्तर मी लिहिलं, परीक्षेत लिहितात तसं.

मासे वाचले. बाबांनी ती चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खाद्याच्या खोपटात खिळ्याला टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. लोक मोबाइलवर फोटो काढून न्यायचे. एकदा जिते गावाकडच्या एका तळेवाल्याचा मला फोन आला. मी त्याला ओळखतही नव्हते. "ताई, तुमच्या चिठ्ठीनं आपलं काम झालं," म्हणाला. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

त्या मे महिन्यात सुट्टीला गेले तेव्हा चिठ्ठीचं काम डोळ्यांनी बघितलं. घमेल्यात शिळे, पोट फुटलेले बारके मासे कुटून घातलेले. त्यात कोंडा, वरून माशाचं तेल, आणि मग मूठभर पिवळी पावडर. बाबा कोपरापर्यंत हात घालून ते कालवत होते. घोंगावणाऱ्या माशा तेलात अडकून तशाच आत कालवल्या जात होत्या. बाबांच्या नखांत पिवळं साचलेलं. त्यांनी हात लुंगीला पुसले आणि त्याच बोटांनी चहात बटर बुडवून खाल्ला.

"चिठ्ठीत मूठ लिहिलीय का बाबा?" मी विचारलं.

"तू लिवलेलं ते पहिल्या टायमाला. आता तेवढ्यानं भागत नाय गो."

"आता कुठे फोड आहेत? मासे तर बरे दिसतात."

"नाय. पर येतील. आधीच दिलेली बरी."

त्याच दुपारी तळ्यातून एक मासा काढला. त्याच्या कुशीवर जुना फोड होता, कडेने पांढरा, मधे लालसर, दाबला की पाणी यायचं. आईने विळीवर तेवढा भाग गोल कापून बाजूला टाकला, पेरूचा किडका भाग काढतात तसा. उरलेला मासा रश्शात गेला. "तेवढं काढलं की झालं," आई म्हणाली. डोकं मला वाढलं. मी कोरून खाल्लं. हे आठवलं की मला अजूनही तोंड धुवावंसं वाटतं. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, याची सगळ्यात जास्त किळस येते.

पुढे लग्न झालं. सासर कोलाडचं, भात आणि वाल पिकवणारी माणसं. नवरा रोह्याला दुसऱ्या कंपनीत शिफ्टवर, म्हणून आम्ही रोह्याजवळ वरशाला दोन खोल्या घेऊन राहिलो. माहेरी गेले की डोकं माझंच. नाही गेले तर बाबा कुणाच्या तरी हातून डब्यात पाठवायचे. मग मला दिवस गेले. सुरुवातीला वास नकोसा व्हायचा, पण चौथ्या महिन्यानंतर मीच फोन करून मागायला लागले.

सहाव्या महिन्यात मला खोकला झाला. जाता जाईना. पावसाळ्यात शेतावर जाणाऱ्यांना लेप्टोच्या तापासाठी गोळ्या वाटतात, त्यातली एक पट्टी सासऱ्यांकडून आमच्या घरात आली होती. नवरा म्हणाला, "ह्याच घे, चांगल्या असतात." मी घेतल्या नाहीत. डॉक्टरांकडे जाताना पट्टी दाखवायला नेली. रोह्यातल्या त्या डॉक्टरीणबाई फार बोलत नाहीत. त्यांनी पट्टी पाहिली आणि स्वतःच्या खणात टाकून खण बंद केला.

"पोटुशीला ही देत नाहीत. ही बाळाच्या हाडांत आणि दातांत जाऊन बसते. दात पिवळे येतात. पुढं कितीही घासा, जात नाही."

पट्टीवरचं नाव त्याच घराण्यातलं होतं. माझ्या चिठ्ठीतल्या पावडरीचं सख्खं भावंड.

मी रिक्षा न करता चालत निघाले. मनात एकच वाक्य फिरत होतं, जाऊन बसते. बाळाच्या हाडांत बसते, तर माशाच्या कुठे बसत असेल? हा प्रश्न मला तीन वर्षांत एकदाही पडला नव्हता. मी रसायनशास्त्राची पदवीधर.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता वाचत बसले. या वेळी शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली.

औषध माशाच्या पोटात गेलं की सगळं रक्तात उतरत नाही. बरंचसं तसंच विष्ठेतून बाहेर पडतं आणि तळाच्या गाळात जाऊन बसतं. उन्हाळ्यात तळं आटवलं की तोच गाळ आम्ही बांधावर चढवतो, आणि आई त्यावर भेंडी लावते. जे रक्तात उतरतं ते आधी यकृतात आणि मूत्रपिंडात जातं, मग मांसात पसरतं. मांसातून ते हळूहळू निघून जातं. पाणी कोमट असलं तर लवकर, थंडीत उशिरा. पण खवलं, कातडी आणि हाडं यांत कॅल्शियम असतं, आणि या औषधाला कॅल्शियमची ओढ आहे. तिथे ते घट्ट चिकटतं. मासा वाढत असेल तर वाढणाऱ्या हाडाच्या थरात गाडलं जातं. मांस रिकामं झाल्यावरही तिथे महिनोन् महिने सापडतं.

मी वाचत होते आणि डोळ्यांसमोर माझं ताट येत होतं. माशाच्या डोक्यात असतं काय? हाड, कातडी, आणि त्यांना चिकटलेलं थोडं मांस. अख्ख्या माशात औषध जिथे सगळ्यात जास्त मुक्काम करतं, तोच भाग आम्ही मान म्हणून वाढतो. तोही पोटुशीला. आणि चोखून खायला सांगतो.

त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

सातव्या महिन्यात माहेरी जेवण ठरलं होतं. सकाळी ओटी, दुपारी मासे, म्हणून मुद्दाम रविवार धरला होता. कोलाडहून सासू-सासरे येणार होते. बाबांनी अशा दिवसासाठी एक मोठा जिताडा वर्षभर आधीपासून राखून ठेवला होता. मी त्यांना फोन केला.

"बाबा, तळ्यात औषध शेवटचं कधी दिलं?"

"आठ-दहा दिस झाले असतील. का गो?"

"मग तो मासा आता नको. दुसरं काहीतरी करू."

बाबा हसले. "अगो, तुला काय वाटलं, तसाच काढणार? टाकीत ठेवलाय. दोन भरत्यांचं पाणी फिरवणार त्याच्यावरनं. एकदम साफ."

हे आमच्याकडे सगळेच करतात. तळ्याच्या माशाला चिखलाचा वास असतो. तो जावा म्हणून मासा आदल्या दिवशी टाकीत सोडतात आणि भरतीचं ताजं पाणी दोनदा बदलतात. वास खरंच जातो. बाबांच्या लेखी औषध म्हणजे त्या वासासारखंच काहीतरी होतं.

"बाबा, ते वासासारखं जात नाही. ते हाडात शिरतं."

"खाऱ्या जमिनीतलं मीठ जातं पावसाच्या पाण्यानं धुऊन. दोन पावसाळ्यांत जातं, मी बघितलंय. ही तर चिमूटभर पावडर."

जमिनीचं मीठ कसं धुऊन निघतं, हे बाबांना माझ्या पुस्तकांपेक्षा जास्त कळतं. म्हणून मी गप्प बसले. मळमळ होते सांगू आणि डोकं बाजूला सारू, असं मनाशी ठरवलं. बाबांना पाहुण्यांसमोर खाली बघायला लागू नये एवढीच माझी अक्कल धावली.

रविवारी माजघरात पंगत बसली. सासूबाई, सासरे, नवरा, मी आणि माझी भाची. भाची भावाची मुलगी, पहिलीतली. पुढचे दोन दात नुकतेच पडलेले. आई आणि वहिनी वाढत होत्या. बाबा वाढत नव्हते, ते दारात उभं राहून वाढलेलं बघत होते.

डोकं माझ्या ताटात आलं. तोंड उघडं, कानशीसारखे बारीक दात, डोळा उकडून पांढरा झालेला. रस्सा ओठांवरून ओघळत होता. गालाच्या कातडीला तेलाचा तवंग आला होता. मला त्या तवंगात घमेल्यातलं पिवळं दिसत होतं. ते खरं नव्हतं, हळदीचं होतं. पण एकदा दिसलं ते दिसलं.

"मला नको," मी म्हणाले. "मळमळतंय."

"आता? सातव्यात?" सासूबाई म्हणाल्या. त्या बोलक्या आहेत आणि मनाने चांगल्या आहेत. "आमच्याकडं वालाचं बिरडं दोनदा मागून घेते, आणि माहेरच्या माशाला नाक मुरडते. मी काय समजायचं, विहीणबाय? आमच्या वालांनी तुमचा जिताडा मारला."

सगळे हसले. आई हसली नाही. "खा गो थोडं. बाबांनी वरीसभर राखलाय तुझ्यासाठी."

"नको आई."

दारातून बाबा म्हणाले, "नसेल जात तर राहू दे तिला." त्यांचा आवाज साधा होता, पण ते बोलताना सासऱ्यांकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

आईने डोकं उचललं. मानाचं डोकं परत पातेल्यात जात नाही. ते पुढच्या लाडक्याच्या ताटात जातं. आईने ते भाचीच्या ताटात ठेवलं. "घे गो माझी राणी. आत्याचा मान तुला. चोखून खा, दात मजबूत येतील."

भाचीने दोन्ही हातांनी जबडा धरला आणि तोंडाला लावला. दोन पडलेल्या दातांच्या फटीतून तिने हाड चोखलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"तिला देऊ नका," मी म्हणाले. कुणाला काही कळेना. मी हात लांब करून तिच्या तोंडचं डोकं काढून घेतलं. ती रडायला लागली.

"काय करतेस?" वहिनी म्हणाली.

"त्यात औषध आहे. या माशाला दहा दिवसांपूर्वी औषध दिलंय. ते पाण्याने जात नाही, हाडात राहतं. पोरांच्या हाडात, दातांत जाऊन बसतं." आणि मग ज्याची मला सगळ्यात भीती होती ते बोलले. "मीच लिहून दिलं होतं."

पंगतीतले हात थांबले. सासूबाईंनी त्यांचा तुकडा संपवला होता. करंगळी तोंडात होती, ती त्यांनी हळूच बाहेर काढली आणि ताटाच्या कडेला पुसली. सासऱ्यांनी घास खाली ठेवला, मग पाणी प्यायले, मग पाण्याकडेही संशयाने बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "लिंबू आहे का गो? हाताला वास राहतो." आई लिंबू आणायला गेली ती आतच थांबली.

बाबा दारातून म्हणाले, "चिठ्ठी तुझीच हाय ना?"

"माझीच."

"तिच्यात हे लिवलंवतं?"

"नाही."

"मग आता का सांगतेस?" एवढं बोलून ते तळ्याकडे निघून गेले. पाहुणे निघेपर्यंत परत आले नाहीत. आमच्या घरातून पाहुणे बाबांना न भेटता गेले, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मी त्या डोक्यातलं जबड्याचं हाड धुऊन पिशवीत घालून आणलं. माझ्या बोलण्यावर माझाच पुरता विश्वास नव्हता. वाचलेल्या माहितीवर मी एकदा चिठ्ठी लिहिली होती आणि त्याचं काय झालं ते समोर होतं. या वेळी मला बघायचं होतं.

आमच्या प्रयोगशाळेत अतिनील दिव्याची एक काळी पेटी आहे. त्यात काचेच्या पट्ट्यांवरचे डाग तपासतात. या घराण्यातलं औषध त्या उजेडात पिवळं चमकतं, हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. आमच्या विभागातल्या मोठ्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "बघ, पण पेटी पुसून ठेव. कसला घाण वास आहे हा." रोह्याच्या बाजारात खाडीचे मासे घेऊन बसणाऱ्या एका मावशीकडून मी जिताड्याचा जबडा मागून आणला होता, तोही तसाच हळद घालून शिजवून, खरवडून. दोन्ही हाडं शेजारी ठेवली आणि दिवा लावला.

खाडीच्या माशाचं हाड निळसर पांढरं दिसलं. आमच्या तळ्याच्या हाडाच्या कडा पिवळ्या दिसल्या. एकसारख्या नाही, एकीच्या आत एक अशा रेघांनी. जितक्या वेळा औषध दिलं असेल, तितक्या वेळा वाढत्या हाडाने ते धरून ठेवलं असेल. माझी मूळ चिठ्ठी बहुतेक सगळ्यात आतल्या रेघेत होती. दिव्याला हाड पिवळं दिसलं म्हणजे किती औषध आहे ते कळत नाही, आणि एका डोक्याने कुणाचे दात पिवळे होत नाहीत, हे मला माहीत आहे. त्यासाठी नीट तपासणी लागते. पण मी पेटी बंद केली, बेसिनपाशी गेले आणि ओकले. तीन वर्षांतली सगळी डोकी आठवत होती.

पेटीतल्या हाडांचा फोटो बाबांना पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही आलं. पंधरा दिवस ते बोलले नाहीत. मग एक दिवस वरशाला दारात उभे. हातात डबा नव्हता, पहिल्यांदाच.

पाणी प्यायले. "वहिनी मला पोरीला खाऊ घालू देत नाय," म्हणाले. सुनेला ते वहिनीच म्हणतात, आमचं ऐकून. "बिस्कीटसुद्धा माझ्या हातचं घेत नाय." हातांकडे बघितलं. "घासतो रोज."

मी रिकामं भांडं उचललं.

"किती दिस थांबायचं ते सांग. मासे काढायच्या आधी."

"मांसापुरतं विचारलंत तर आठवड्यांत सांगता येईल. थंडीत जास्त. हाडाचं आणि कातडीचं मला सांगता येत नाही. मला माहीत नाही, बाबा."

तीन वर्षांपूर्वी जे तीन शब्द बोलायला हवे होते, ते तेव्हा बोलले. बाबा म्हणाले, "मग तसं लिव."

नवी चिठ्ठी लिहिली. फोड आल्याशिवाय औषध नाही. आधी माशांच्या डॉक्टरला दाखवायचं. मूठ नाही, काट्यावर मोजायचं. बंद केल्यावर थांबायचं, आणि किती थांबायचं ते. सहीपुढे या वेळी काही लिहिलं नाही. बाबांनी ती जुनीच्या जागी टांगली. पण जुनीचे फोटो लोकांच्या मोबाइलमध्ये आहेत, ते मी कुठून काढू? जित्याच्या त्या तळेवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "ताई, पहिली चिठ्ठी चांगली होती. कशाला बदलता?"

मुलगी झाली. सहाव्या महिन्यात तिचं उष्टावण आमच्या वरशाच्या घरी केलं. कोलाडची मंडळी आली. पेणहून आई-बाबा आले. बाबांच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला जिताडा होता. सासूबाईंनी पान उलगडलं.

"हे काय? डोकं कुठाय?"

बिनडोक्याचा जिताडा कुणाच्या घरी नेणं आमच्याकडे अपमान समजतात. डोकं काढून घेतलं आणि उरलेलं तुमच्या तोंडावर टाकलं, असा त्याचा अर्थ. बाबांनी कातडीही सोलून काढली होती. पानात नुसतं गुलाबी मांस होतं, ओळखू न येणारं.

"पुरलं," बाबा म्हणाले.

"पुरलं? कुत्र्याला तरी टाकायचं."

"कुत्र्यानं पण का खावं?" मग माझ्याकडे वळले. "दोन महिने थांबलोय. त्याच्या आधी पण दिलेली नाय जास्त. उघाडीची शपथ."

ते बाळाजवळ गेले, पण तिला हात लावला नाही. वाकून तिच्या तोंडात बघितलं. "आला का दात?"

"अजून नाही."

"येईल," म्हणाले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

मी तो मासा शिजवला. सगळ्यांना वाढला, मीही एक तुकडा घेतला. बाबा समोर बसून बघत होते, त्यांनी स्वतःच्या ताटाला हात लावला नव्हता. मी घास तोंडात घातला. मऊ होता, ताजा होता. चावला. गिळायला गेले तर जीभ मागे सरली. घास गालात धरून मी बाबांकडे बघितलं.

"टाकून ये," ते हळू आवाजात म्हणाले. "मी नाय रागवत."

मी उठून मोरीकडे गेले.